मुक्या जिवाचा घास : चीज, पनीर आणि मात्रेचा हिशेब

पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची, ही रीत चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापारी घरांतून अजून मोडलेली नाही. गोलबाजारातील दुकानांचे शटर वर गेले की गल्ला उघडण्याआधी पायरीवरच्या कुत्र्यापुढे बिस्किटे पडतात. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडील तांदळाच्या गिरण्यांत राखणीच्या कुत्र्यांसाठी कणीचा भात वेगळा शिजतो. गेल्या काही वर्षांत मात्र या घासाचे रूप पालटले आहे. फ्रिजमध्ये चीजचे क्यूब आले, मुलांच्या डब्यात स्लाइस आले, घरात पॉमेरियन आणि लॅब्रॅडॉर आले. डब्यातला अर्धा तुकडा मूल मोठ्या प्रेमाने त्याच्या तोंडात देते, आणि स्वयंपाकघरातून हाक येते : अरे, त्याला चीज चालते का?

उत्तर लांबवण्यात अर्थ नाही. निरोगी, प्रौढ कुत्र्याला अधूनमधून चीजचा नखाएवढा तुकडा दिल्याने अपाय होत नाही. चीज हे कुत्र्यासाठी चॉकलेटसारखे किंवा द्राक्षासारखे विष नव्हे. तरीही प्रश्न तेथे संपत नाही, कारण जैन घरात चीज नखाएवढे राहत नाही. जेथे मांस किंवा अंडे उंबरठा ओलांडत नाही, तेथे ‘या मुक्या जिवाला ताकद कशातून मिळणार?’ ही काळजी दूध, पनीर आणि चीज यांच्यापाशी येऊन थांबते. काळजी खोटी नाही. परंतु तिच्यापोटी खाऊचा तुकडा हळूहळू जेवणाची जागा घेतो, आणि अपायाला तेथून सुरुवात होते.

दूध आणि श्वान यांची जोडी जीवदयेच्या इतिहासात तशी जुनी आहे. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. जैन, हिंदू आणि मुसलमानही त्यात सामील झाले आणि फोर्ट भागातील व्यवहार ठप्प झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. आज पांजरापोळ म्हटले की गायी डोळ्यांसमोर येतात. पण या संस्थेत आधी आली ती कुत्री आणि डुकरे, आणि त्या कुत्र्यांना दूध मिळावे म्हणून मागाहून गायी आणल्या, असे सांगितले जाते.

त्या काळच्या दात्यांना लॅक्टोजची गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुधातील ही साखर पचवण्यासाठी लॅक्टेज नावाचे विकर लागते. पिल्लू आईच्या अंगावर पीत असते तोवर ते त्याच्या आतड्यात भरपूर असते आणि दूध तुटल्यावर कमी होत जाते. म्हणून वाटीभर दूध प्यायलेला प्रौढ कुत्रा पुष्कळदा संध्याकाळपर्यंत पातळ शी करू लागतो. गायीच्या दुधात लॅक्टोज सुमारे ५ टक्के असते. चीज आणि पनीर करताना बरेचसे लॅक्टोज निवळीबरोबर निघून जाते, आणि महिनोन् महिने मुरवलेल्या कठीण चीजमध्ये ते नाममात्र उरते. दह्या-ताकात जिवाणू त्याचा काही भाग आधीच फस्त करून टाकतात. म्हणजे लॅक्टोजच्या बाजूने पाहिले तर चीज दुधापेक्षा सोसवते. अडचण दुसरीकडे आहे : स्निग्धांशात आणि मिठात.

व्यापारी घरांना हिशेब आवडतो, तेव्हा तोच मांडावा. बाजारात मिळणारा प्रोसेस्ड चीजचा एक क्यूब साधारण २० ग्रॅमचा असतो. त्यातून सुमारे ६० किलोकॅलरी ऊर्जा आणि ५ ग्रॅम स्निग्धांश मिळतो. चार किलो वजनाच्या पॉमेरियनची दिवसाची सारी गरज ३०० किलोकॅलरींच्या आसपास असते. म्हणजे एका क्यूबमध्ये त्याच्या दिवसभराच्या अन्नाचा पाचवा हिस्सा संपला. माणसाच्या मापात सांगायचे, तर एखाद्या गृहस्थाने नेहमीच्या जेवणावर सहा-सात क्यूब एका दमात खाल्ल्यासारखे ते झाले. पशुवैद्यकीय आहारशास्त्रात सर्वसाधारण संकेत असा, की खाऊचा वाटा दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. त्या मापाने पॉमेरियनला अर्धा क्यूब, दहा किलोच्या गावठी कुत्र्याला एक, पंचवीस किलोच्या लॅब्रॅडॉरला दोन ही झाली कमाल मर्यादा. तीही त्या दिवशी बिस्किट, पोळीचा तूप लावलेला तुकडा, शेव, पेढा यांतले काहीच दिले नसेल तर. घरात आजी, सून, मुले आणि दुकानातला नोकर असे चौघे चार वेळा ‘थोडेसेच’ देतात, तेव्हा जमेची बाजू कोणीच लिहून ठेवत नाही. मीठही दुर्लक्षिण्याजोगे नाही. एका क्यूबमधील सोडियम दहा किलोच्या कुत्र्याच्या दिवसाच्या किमान गरजेहून अधिक भरते. निरोगी कुत्रा भरपूर पाणी पिऊन ते बाहेर टाकतो, परंतु हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला प्रोसेस्ड चीज देऊच नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या चंद्रपुरात पाण्याचे भांडे रिकामे ठेवून खारट खाऊ देणे, ही तर सरळ सरळ पीडा झाली.

खरे भय आहे ते स्वादुपिंडाच्या दाहाचे. लग्नघरात किंवा वाढदिवसाला एकाएकी चीज, पनीर, तूप, तळण असे पोटात गेले, की काही कुत्र्यांचे स्वादुपिंड सुजते आणि त्यातील पाचकरस त्याच अवयवाला जाळू लागतात. लठ्ठ कुत्री, उतारवयातील कुत्री आणि लहान जाती, त्यातही मिनिएचर श्नाउझर, यांना धोका अधिक. कुत्रा वारंवार उलटी करतो, अन्नावरून तोंड फिरवतो, पोटाला हात लावू देत नाही. काही वेळा पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग उंच धरून उभा राहतो. घरचे लोक त्याला ‘आळस देतोय’ म्हणून हसतात. तो आळस नसतो, पोटातली कळ असते. यावर शिरेतून सलाइन आणि वेदनाशामक औषध लागते, आणि उशीर झाल्यास जीवही जातो. चंद्रपूर शहरात पशुवैद्य गाठता येतो, आणि नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय दीडशे किलोमीटरवर आहे. पण सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोलीच सुमारे २०० किलोमीटर दूर, आणि भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच तुटतो. अशा ठिकाणी अर्ध्या रात्री कण्हणाऱ्या कुत्र्याजवळ बसून राहण्यापलीकडे घरच्यांच्या हाती काही उरत नाही. शहरातील मासिकांत ‘लगेच डॉक्टरांना दाखवा’ हे वाक्य सहज लिहिले जाते. अहेरीच्या पलीकडे त्या वाक्याची किंमत कळते.

चीज कोणते, यानेही फरक पडतो. घरी फाडलेल्या दुधाचे बिनमिठाचे पनीर चीजपेक्षा बरे, कारण त्यात खारटपणा नसतो. मात्र स्निग्धांश तेवढाच असतो, म्हणून तेही चिमूटभरच. साय काढलेल्या दुधाचे पनीर अधिक चांगले. चीज स्प्रेड आणि चीज सॉस यांत दुधाची भुकटी, मीठ आणि मसाले असतात, ते नकोत. बाजारच्या पिझ्झ्यावरचे, गार्लिक ब्रेडवरचे चीज तर कटाक्षाने टाळावे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि त्याचे परिणाम काही दिवसांनी, हिरड्या पांढुरक्या पडल्यावर दिसतात. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या घरातील कुत्रा या एका संकटापासून आपोआप वाचतो, हा मोठा योगायोग म्हणायचा. दुसऱ्या बाबतीत मात्र जैन स्वयंपाकघर अधिक धोक्याचे आहे. शिऱ्यात, लाडवात, पुलावात मनुका आणि बेदाणे सढळ हाताने पडतात, आणि द्राक्षे-मनुका कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. किती मनुकांनी होईल याचा नेम नाही; एखाद्याला मूठभर पचतात, दुसरा चार-पाचांनी अत्यवस्थ होतो. चीजची चौकशी करणाऱ्यांनी प्रसादाच्या शिऱ्याचीही करावी.

गोळी देण्यासाठी चीज वापरण्याची युक्ती पशुवैद्यही सांगतात, आणि ती चांगली आहे. पण जंगलपट्ट्यात तिला एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. झुडपांतून, गोठ्यांतून फिरणाऱ्या येथील कुत्र्यांना गोचिडांपासून ताप येतो, आणि त्यावर डॉक्सिसायक्लिन तीन-चार आठवडे द्यावे लागते. हे औषध टेट्रासायक्लिन गटातले. या गटातील औषधे दुधाच्या पदार्थांतील कॅल्शियमशी बांधली जातात आणि शरीरात कमी शोषली जातात. डॉक्सिसायक्लिनवर हा परिणाम इतरांपेक्षा सौम्य असला, तरी महिनाभर रोज चीजमध्ये गुंडाळून ते देणे शहाणपणाचे नाही. शिजवलेल्या भोपळ्याच्या गोळ्यात किंवा पोळीच्या मऊ तुकड्यात ते द्यावे आणि वर पाणी पाजावे, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकल्यास तेथे जखम करते.

आता घराच्या आचाराचा प्रश्न. दूध गोठवून चीज करण्यासाठी परंपरेने वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरीत, आणि परदेशी मुरवलेल्या अनेक चीजमध्ये ते अजूनही असते. भारतीय कारखान्यांत सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट प्रचलित आहे, तरी वेष्टनावरील घटकांची यादी वाचूनच चीज घेण्याची सवय श्रावक घरांनी केलेली बरी. जे थाळीत चालत नाही ते कुत्र्याच्या वाटीसाठी घरात आणणे हा कोणता नियम? याच प्रश्नाची उलट बाजू अधिक टोचणारी आहे. चीजवर हिरवी बुरशी आली, ब्रेड आंबला, मिठाईची मुदत टळली, की घरात तो पदार्थ अभक्ष्य ठरतो आणि पुढचे वाक्य असते : ‘टाकू नका, कुत्र्याला घाला.’ बुरशीत तयार होणारी काही विषे कुत्र्याच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. अंग थरथरते, झटके येतात. उन्हाळ्यात वीज गेलेल्या फ्रिजमधले चीज येथे किती लवकर बिघडते हे सांगायला नको. परदेशात निळ्या बुरशीचे चीज मुद्दाम करतात, आणि तेही कुत्र्याला याच कारणासाठी देत नाहीत. जे अन्न जीवोत्पत्तीच्या भयाने श्रावक स्वतः सोडतो, तेच दुसऱ्या पंचेंद्रिय जिवाच्या पोटात घालून दानाचे पुण्य मोजणे, हे जमाखर्चात बसणारे नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रितांचे अन्नपाणी अडवणे, सांगितला आहे. त्याच यादीत प्राण्याला बांधून ठेवणे आणि त्याच्यावर अतिभार लादणेही येते. अडवणे हा दोष असेल, तर नासके घालणे हा काही गुण होत नाही.

मग शाकाहारी घरातील कुत्र्याने ताकद कशातून मिळवावी? कुत्रा लांडग्याच्या कुळातला असला, तरी माणसाच्या उंबरठ्यावर राहून तो पुष्कळ बदलला. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. भात-पोळी त्याला पचते ती यामुळे. मांजराचे तसे नाही, ते पक्के मांसाहारी. या बाबतीत दोघांना एका तराजूत घालू नये. परंतु पचणे वेगळे आणि पुरणे वेगळे. भात, पोळी आणि वर चीज-पनीर एवढ्यावर वाढवलेल्या कुत्र्याला प्रथिने मिळतात, पण लोह, जस्त, तांबे, ड जीवनसत्त्व यांची उणीव राहते. दूध आणि त्याचे पदार्थ लोहात गरीब आहेत. अशा कुत्र्याला गोचिडाच्या तापाने पांडुरोग झाला, तर झीज भरून यायला वेळ लागतो. पूर्ण पोषणमूल्य असलेले शाकाहारी तयार खाद्य आता मिळते. ते पिल्लांसाठी आहे की प्रौढांसाठी, हे पाहून आणि पशुवैद्याला विचारून द्यावे, आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी करावी. घरचेच द्यायचे असल्यास मऊ शिजवलेली मुगाची डाळ, सोयाबीन, भात, भोपळा, दुधी यांच्या जोडीला पशुवैद्याने सांगितलेले खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण हवेच. केवळ डाळीवर भिस्त ठेवू नये. वाढत्या पिल्लावर आणि गाभण कुत्रीवर घरगुती प्रयोग मुळीच करू नयेत. (त्या डाळीत कच्चे दही कालवण्याचा मोह झाल्यास घरातील वडीलधारी मंडळी द्विदलाची आठवण करून देतीलच. दही वेगळ्या वेळी दिले, म्हणजे दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.) हल्ली पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून याकच्या दुधाची कठीण कांडी मिळते. नेपाळातील छुर्पीचाच हा प्रकार, तेथून जगभर जाणारा. मांसविरहित म्हणून ती जैन घरांत पसंत पडते. चघळण्यास ती ठीक, पण दगडासारख्या कांडीने दाढ चिरण्याची शक्यता असते आणि शेवटचा बारका तुकडा घशात अडकू शकतो, म्हणून तो काढून घ्यावा.

इथवरचा विचार दाराच्या आतील कुत्र्याचा झाला. दाराबाहेरच्या कुत्र्याचा विचार या दोन जिल्ह्यांत वेगळाच करावा लागतो, कारण त्याच्या मागे जंगल उभे आहे. ताडोबा हे १९५५ पासूनचे राष्ट्रीय उद्यान. त्याच्या आणि शहराच्या मध्ये कुंपण नाही. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या वस्तीतील बिबट्यांचे हल्ले २०२२ मध्ये राज्यभर गाजले. बिबट्या वस्तीत येतो तो बहुधा माणसासाठी नव्हे, कुत्र्यासाठी. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, शेतवस्तीतील बिबट्यांच्या आहाराचा वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला. ज्या ओट्यावर रोज दहा कुत्री जमतात, तो ओटा बिबट्यालाही कळतो.

येथे जैन घरांच्या एका सवयीकडे लक्ष वेधणे भाग आहे. चौविहार पाळणाऱ्या घरातील स्वयंपाकघर सूर्यास्तापूर्वी आवरते आणि उरलेले अन्न त्याच वेळी बाहेर जाते. म्हणजे कुत्र्यांची गर्दी नेमकी तिन्हीसांजेला होते, आणि बिबट्याच्या संचाराची सुरुवातही तेव्हाच. त्याच ओट्याशेजारी मुले खेळत असतात. व्रतात काही उणे नाही. बदलायला हवी ती वाटी बाहेर ठेवण्याची वेळ.

उलट दिशेनेही धोका जातो. लस न टोचलेली कुत्री अन्नाच्या आशेने जंगलाच्या कडेला स्थिरावली, की त्यांच्यातील डिस्टेंपरचा विषाणू वन्य प्राण्यांपर्यंत पोहोचू शकतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एक हजार सिंह गेले, आणि २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले तेव्हा त्यांतील काहींत हाच विषाणू सापडला. ताडोबात वाघांबरोबर रानकुत्रीही आहेत, आणि ती तर कुत्र्याचीच जवळची नातलग. त्यामुळे मोहर्ली किंवा कोळाऱ्याच्या वाटेवर गाडी थांबवून सँडविचमधले चीज कुत्र्यांना टाकणारे पर्यटक कोणावर दया करतात, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी वस्तीतील प्राण्यांना अन्न देण्यासाठी ठरावीक जागा आणि वेळ नेमण्यास सांगितले आहे. जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून आणि प्रवेशद्वारांपासून दूर असावी. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कोठेही अन्न न टाकता नेमलेल्या जागीच ते द्यावे, असे म्हटले. त्या आदेशाचा मूळ विषय कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण हा होता. संघाने किंवा महिला मंडळाने जीवदयेच्या निधीतून परिसरातील कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी टोचून घेतल्या, तर चीजच्या शंभर पाकिटांहून त्या जिवांना अधिक दिल्यासारखे होईल.

वेळेसाठी नवा शोध लावण्याची गरज नाही. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी येते. तोवर उजाडलेले असते, बिबट्या जंगलात परतलेला असतो आणि दुकाने उघडायची असतात. उष्ट्या अन्नात तेवढ्याच अवधीनंतर संमूर्च्छिम जीव उपजतात, या श्रद्धेने थाळी धुऊन पिणाऱ्या घराला अन्न उघड्यावर पडू न देणे शिकवावे लागत नाही. दुकानामागच्या ठरलेल्या कोपऱ्यात, एका भांड्यात पोळी-भात आणि दुसऱ्यात पाणी ठेवावे. कुत्री पाच-दहा मिनिटांत जेवढे खातील तेवढेच वाढावे, आणि उरलेले उचलून भांडे धुऊन पालथे घालावे.